वाचून झाले, कळले किती?

वाचन-आकलन म्हणजे छापील ओळीतून अर्थ उभा करणे. त्यात दोन कामे मिसळलेली असतात. लिपी उलगडून शब्द ओळखणे हे एक, आणि त्या शब्दांनी बनलेली भाषा समजणे हे दुसरे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये या दोन कामांचा गुणाकार मांडला. बेरीज असती तर एका बाजूची कमतरता दुसरीने भरून निघाली असती; गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्य. अक्षरे न येणारे मूल कितीही छान मराठी बोलत असो, पुस्तक त्याला बंदच राहते. आणि अक्षरे घडाघडा वाचणाऱ्या मुलाला ती भाषाच परकी असेल, तर वाचनातून आवाज निघतो, अर्थ निघत नाही.

शाळेत पहिल्या कामाची तपासणी रोज होते. मूल उभे राहते, धडा मोठ्याने वाचते, अडखळले नाही की शाबासकी घेऊन खाली बसते. दुसऱ्या कामाची तपासणी धड्याखालच्या प्रश्नांवर सोपवलेली असते. ते प्रश्न हे काम कितपत करतात, हे पाहायला मुद्दाम निरर्थक रचलेला एक उतारा पुरेसा आहे:

गोंबट्याने सकाळीच डोंबटात तीन झिपुळे खुमटवले. त्यामुळे मोंडी त्याच्यावर फिरंगटली.

गोंबट्याने किती झिपुळे खुमटवले? तीन. कुठे? डोंबटात. केव्हा? सकाळीच. मोंडी कोणावर फिरंगटली? गोंबट्यावर. का? त्याने डोंबटात झिपुळे खुमटवले म्हणून. पाचापैकी पाच गुण, आणि उताऱ्यात काय घडले हे उत्तर लिहिणाऱ्याला कळलेले नाही, तपासणाऱ्यालाही नाही. मराठीतले विभक्तिप्रत्यय आणि जोडणारे शब्द हे सगळे काम करून देतात. ‘ने’ लागला तो कर्ता, ‘त’ लागले ते ठिकाण, ‘त्यामुळे’च्या आधीचे ते कारण. चौथी-पाचवीपर्यंत मुलांना हे तंत्र कोणी न शिकवता येते: प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ती ओळ उतरवायची, खात्री नसेल तर मागची-पुढचीही उतरवायची. असा उतारा फळ्यावर लिहिला की वर्ग खो खो हसतो, झिपुळे खायचे असतात की पकडायचे यावर वाद सुरू होतो. ते हसणे फार मोलाचे आहे. उत्तर बरोबर येणे आणि गोष्ट कळणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मुलांना तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग खऱ्या धड्यातला न कळलेला शब्द पुढे करून ‘हापण झिपुळाच आहे’ असे सांगण्याचा धीर त्यांना येतो.

हा गोंधळ इतका लपून राहतो याला देवनागरीचा एक गुण कारण आहे. वर्णमाला, बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की झाली की मूल समोर आलेले काहीही उच्चारू शकते. मराठी शाळेतला सातवीचा विद्यार्थी नेपाळी वर्तमानपत्रसुद्धा बऱ्यापैकी मोठ्याने वाचून दाखवील, आणि शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला तो वाचतो आहे असेच वाटेल. पण तिथपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून शेकडो रूपे होतात; पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी बसते; रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा अक्षरलिपीवर प्रभुत्व यायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो आणि ते शिकणे चौथीपर्यंतही चालू राहते, असे त्यातून दिसले. मराठी मुलाचे त्यामुळे दुहेरी नुकसान होते. पहिली तीन वर्षे अक्षरे जुळवण्यातच लक्ष संपते आणि अर्थासाठी काही उरत नाही. पुढे वाचन सुरळीत झाले की अर्थाबद्दल कोणी विचारत नाही.

उर्दू लिपीत हे चित्र उलटे आहे. तिथे ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘इस’ आणि ‘उस’ हे दोन्ही शब्द अलिफ आणि सीन या दोन अक्षरांनी एकसारखे लिहिले जातात. कोणता वाचायचा हे वाक्याचा अर्थ लागल्यावरच ठरते. उर्दू शाळेतल्या मुलाला अर्थाकडे पाहिल्याशिवाय नीट मोठ्याने वाचताच येत नाही. त्याचे अडखळणे शिक्षकाला ऐकू येते. देवनागरी वाचणाऱ्याचे न कळणे ऐकू येत नाही.

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ही दोन्ही मुले एकाच रिक्षातून शाळेत जाऊ शकतात. देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक असलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक होती. नाक्याजवळच पद्मानगर ही तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. मागांवर आणि गोदामांत उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार आहेत, शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मोमीन विणकर आणि कोकणी मुसलमान आहेत, आणि तालुक्याच्या गावांतून आगरी बोलणारी कुटुंबे आहेत. शहरात मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालतात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, तरी भिवंडीत तिची गाठ मुलांना आधीही पडतच होती. बालभारती मराठी माध्यमासाठी एक पुस्तक काढते आणि इतर माध्यमांसाठी ‘सुलभभारती’ हे वेगळे, सोपे पुस्तक. ही विभागणी शाळेच्या माध्यमावरून होते. मराठी माध्यमात बसलेल्या, पण घरी तेलुगू किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाच्या हातात मराठी ही मातृभाषा धरून लिहिलेले पुस्तक पडते. धामणकर नाक्यावरच्या वर्गात अशी मुले अपवाद नाहीत.

त्यांच्या चुका शिक्षकांच्या खोलीत हसून सांगितल्या जातात. त्या खरोखर गमतीच्या असतात, पण प्रत्येक चुकीमागे एक पक्के तर्कशास्त्र असते. ‘गुरुजींनी त्याला शिक्षा केली’ हे वाक्य वाचून गुरुजी चांगले होते असे उत्तर येते, कारण हिंदी बोलणाऱ्या घरात शिक्षा म्हणजे शिक्षण. ‘आईने डबा खाली ठेवला’ यावर डब्यात काय होते असे विचारले तर ‘काही नव्हते’ असे ठाम उत्तर मिळते, कारण त्या मुलाच्या भाषेत खाली म्हणजे रिकामा. ‘तिने संसार सांभाळला’ हे वाचून ती बाई जगाची राणी होते. ‘पोटात कावळे ओरडू लागले’ याचे चित्र काढायला सांगितले तर पोटात खरेच कावळे दिसतात. भूक लागल्यावर हिंदीत पोटात उंदीर धावतात आणि तेलुगूतही उंदीरच धावतात. या तिन्हींत कावळ्यांची सोय फक्त मराठीत आहे. हे एकदा वर्गात बोलून झाले की कावळे कोणी विसरत नाही, आणि तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या मुलांना त्या तासापुरते तरी जाणकाराचे स्थान मिळते.

सर्वनामांची अडचण यापेक्षा खोल आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. ‘ते’ हा एकच शब्द त्या मुलासाठी येतो, त्या मुलग्यांसाठी येतो आणि आदराने आजोबांसाठीही येतो. ‘आजी आल्या. त्यांनी पिशवी उघडली’ हे वाचून किती आज्या आल्या असा प्रश्न मुले विचारतात, तेव्हा ती व्याकरण बरोबरच वापरत असतात. आदरार्थी बहुवचन अनेकांच्या घरच्या बोलीत त्या रूपात नसते. मराठी वाक्यात कर्ता गाळलेला चालतो, त्यामुळे चार ओळींनंतर ‘मग निघून गेला’ असे आले की कोण गेला हे मुलाने मागे जाऊन शोधायचे असते. कमकुवत वाचक नेमका इथे धागा सोडतो आणि शेवटी ज्याचे नाव वाचले त्यालाच पाठवून देतो. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हिंदी बोलणाऱ्या मुलाला निसटतो. तेलुगूत मात्र ‘मनम्‌’ आणि ‘मेमु’ अशी हीच जोडी आहे, म्हणून पद्मानगरच्या मुलाला तो लगेच उमजतो. कोणत्या मुलाला काय अवघड जाईल हे असे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. शिक्षक प्रशिक्षणात या गोष्टींना जागा मिळाली, तर भिवंडीसारख्या शहरात तिचा उपयोग कोणत्याही नव्या साहित्यापेक्षा जास्त होईल.

भाषा कळली तरी विषयाची माहिती नसेल तर अर्थ लागत नाही. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये काही जणांना एक साधा परिच्छेद ऐकवला. शब्द सगळे ओळखीचे, पण विषय न सांगितल्याने तो कशाबद्दल आहे हे कोणाला उमगेना. परिच्छेद कपडे धुण्याबद्दल होता. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना तो कळला आणि लक्षातही राहिला. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना त्याचा फायदा झाला नाही. धडा संपल्यावर पार्श्वभूमी समजावून सांगणाऱ्या वर्गांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या अमेरिकन मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

हाच प्रयोग धामणकर नाक्यावर कल्पून पाहावा. मळणी, खळे, उफणणी आणि कणगी यांचा उतारा दिला तर यंत्रमाग कामगाराचे मूल गप्प बसते. शेत त्याने गावी जाताना रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेले असते. पण कांडी संपली, धोटा अडकला, ताण्याचा धागा तुटला, माग थांबला आणि मुकादम ओरडला असा उतारा दिला, तर तेच मूल न लिहिलेल्या गोष्टीही सांगेल: कापडात डाग राहील, मजुरी कापली जाईल, पाळी बदलेपर्यंत कोणाला तरी उभे राहावे लागेल. मूल तेच, वाचनाचा वेगही तोच. राज्यभरासाठी एकच पुस्तक छापताना कोणते ना कोणते जग बाहेर राहणारच. म्हणून स्थानिक उतारे तयार करणे हे शाळेचे काम ठरते, आणि तीस-चाळीस शब्दांचा असा उतारा शिक्षकाला सहज लिहिता येतो. मुलांनी तोंडी सांगितलेला आणि शिक्षकाने लिहून घेतलेला उतारा तर याहून चांगला, कारण त्यातला एकही शब्द परका नसतो.

माहितीच्या पुढची पायरी अनुमानाची. चौथीच्या मुलांचे वाचन मोजणारी ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. भारत तिच्यात सहभागी होत नाही, पण तिने केलेली आकलनाची विभागणी उपयोगी आहे: स्पष्ट लिहिलेली माहिती शोधणे, सरळ अनुमान काढणे, वेगवेगळ्या भागांतला अर्थ जोडून लावणे, आणि मजकुराचे मूल्यमापन करणे. धड्याखालच्या बहुतेक प्रश्नांची धाव पहिल्या पायरीपर्यंतच असते, म्हणजे झिपुळ्यांपर्यंत. दहावीला मार्च २०१९ पासून प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, अपठित उतारा आणि ‘स्वमत’ यांना जागा मिळाली. बदल योग्य दिशेचा होता. पण चौकटी आणि आकृतिबंध भरण्याचे तंत्रही शिकवणीवर्गांनी लवकरच बसवले, आणि स्वमताची तयार उत्तरे पाठ करणारी मुले आज सर्वत्र आहेत. स्वतःचे मत पाठ करावे लागणे ही कोणत्याही भाषाशिक्षणाची हारच आहे.

अनुमानाच्या प्रश्नात एक वेगळा पेच असतो. ‘आईने खिडकीबाहेर पाहिले आणि दोरीवरचे कपडे पटापट आत ओढले. का?’ अपेक्षित उत्तर: पाऊस येत होता. मुलांची उत्तरे पाहावीत. कपडे वाळले होते. माकडे आली. पाहुणे येताना दिसले. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्याशेजारी राहणारे मूल लिहील की धुराड्यातून काजळी उडायला लागली. हे शेवटचे उत्तर अपेक्षित उत्तराइतकेच पक्के आहे; मुलाने मजकूर वाचला, त्याला स्वतःच्या अनुभवाची जोड दिली आणि कारण काढले. आकलन म्हणतात ते हेच. त्याच्यावर फुली बसली तर ते मूल एकच धडा शिकते, की उत्तर स्वतःच्या डोक्यात शोधायचे नसते. ‘कपडे वाळले होते’ हे उत्तर मात्र कमी पडते, कारण त्यात ‘पटापट’ या शब्दाचा हिशेब लागत नाही. माकडांचे उत्तर ‘कशावरून?’ असे विचारल्यावर टिकेल किंवा पडेल. कोणते उत्तर मजकुराला धरून आहे आणि कोणते सुटून गेले आहे, ही निवड सगळ्या वर्गाने मिळून करणे हा अनुमान शिकवण्याचा सर्वांत चांगला तास असतो, आणि सर्वांत जास्त हसण्याचाही.

शिकवणे आणि तपासणे यांतला हा फरक जगभरच्या वर्गांत हरवलेला आहे. डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत वाचनाच्या तासांचे ४,४६९ मिनिटे निरीक्षण केले. त्यांपैकी आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटे होती २०. बाकीचा पुष्कळ वेळ प्रश्न विचारण्यात, सूचना देण्यात आणि स्वाध्याय करून घेण्यात गेला. शिक्षक आकलन झाले का हे पाहत होते. ते कसे करायचे हे दाखवत नव्हते.

महाराष्ट्रातला याच्या जवळचा पुरावा भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले की सापडतो. अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लिरिल’ या अभ्यासात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातली मराठी शिकणारी आणि कर्नाटकातल्या यादगीरमधली कन्नड शिकणारी मुले पहिलीपासून तीन वर्षे पाहिली गेली. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या या गटाला दिसले की वर्गाचा बहुतेक वेळ लिपीवर जातो, अर्थाशी मुलांची गाठ घालून देणारे काम फार थोडे होते, आणि एवढे करूनही अनेक मुले तिसरीअखेर लिपीतच अडकलेली राहतात. अर्थ नंतर पाहू म्हणून थांबलेल्या वर्गाला अक्षरेही मिळत नाहीत, हा या अभ्यासाचा खरा इशारा आहे. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणारी नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांबरोबर लिपी आणि गोष्ट, गप्पा, चित्रवाचन हे सारे पहिल्या दिवसापासून एकत्र चालवते. दिशा हीच बरोबर आहे.

मोजमापाचा प्रश्न इथेच येतो. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण होते. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्यांवर मूल मोठ्याने वाचते. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली? देशपातळीवर २०१८ मध्ये ५०.५ टक्के, करोनाकाळानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के, आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के. या आकड्यांनी देशाला जागे केले, ते काम मोठे आहे. पण ते आकडे उच्चाराचे आहेत. गोष्ट वाचलेल्यांपैकी ती किती जणांना कळली हे त्यांत येत नाही, आणि भिवंडीसारखी शहरे तर ग्रामीण सर्वेक्षणाच्या बाहेरच राहतात.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने उद्दिष्टाच्या शब्दांत तरी समजून वाचणे आणले, आणि तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द हे लक्ष्य ठेवले. वेगाला महत्त्व आहे. एकेक अक्षर लावत वाचणाऱ्याच्या डोक्यातून ओळीचा आरंभ शेवटापर्यंत निघून गेलेला असतो. तरीही मराठीपुरते हे माप जपून वापरावे लागते. ‘घरातल्यांबरोबरसुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे, हिंदीत त्याचे चार होतात. शिवाय घड्याळ लावले की मूल धावते, विरामचिन्हे ओलांडते, आणि अर्थासाठी मागे वळून पाहणे, जे चांगल्या वाचकाचे लक्षण आहे, तेच त्याला महागात पडते.

विरामचिन्हे मराठीत तशी उशिराच आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये त्यांची परिभाषा लिहिली आणि शालेय पुस्तकांतून ती रुळवली. त्याआधी वाक्य कुठे थांबते हे वाचणाऱ्यानेच ताडायचे असे. मुलांना अर्थाकडे नेणारे प्रयत्न पुढेही झाले. १९३०च्या दशकात आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने उपदेशाची जागा संवादाला आणि विनोदाला दिली, आणि मुले आपणहून पुढचे पान उलटू लागली. त्याच शतकात जुन्या ठाणे जिल्ह्यातच, डहाणूजवळच्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांची शाळा कुरणापर्यंत नेली. तिथे गाणे, गोष्ट आणि हाताशी असलेली वस्तू आधी येई, पाटी नंतर. फलटणला १९८०च्या दशकात मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. फलटणच्या बोलण्यातले सामाजिक भेद अभ्यासलेल्या या भाषावैज्ञानिक बाईंनी पूर्ण वर्णमालेची वाट न पाहता थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द-वाक्ये वाचायला दिली, आणि मुलाची बोली चूक मानली नाही. भिवंडीच्या आगरी मुलांना आजही याच वागणुकीची गरज आहे. बोललेले प्रत्येक वाक्य सुधारले गेले की मूल बोलणे थांबवते, आणि न बोलणाऱ्या मुलाला काय कळले हे कोणालाच समजत नाही.

वर्गात काय करावे याबद्दल संशोधनात बऱ्यापैकी एकमत आहे. अॅनमेरी पॅलिंक्सर आणि अॅन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये, वाचता येते पण कळत नाही अशा मुलांबरोबर एक पद्धत यशस्वी केली. लहान गटात मुले आळीपाळीने शिक्षक होतात. पुढे काय होईल याचा अंदाज करतात, मजकुरावर प्रश्न काढतात, न कळलेली जागा सोडवतात आणि वाचलेले थोडक्यात सांगतात. आधी शिक्षक हे सारे मोठ्याने विचार करत दाखवतो, मग हळूहळू बाजूला होतो. मराठी वर्गात यातला प्रश्न काढण्याचा भाग सर्वांत रंगतो. मुले शिक्षकांना हरवायला निघतात, आणि हरवणारा प्रश्न काढायचा तर धडा दोनदा वाचावाच लागतो. मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे सातवीपर्यंत चालू ठेवावे, कारण कानाने कळण्याची मुलांची ताकद डोळ्याने वाचण्यापेक्षा बरीच पुढे असते आणि शब्दसंपत्ती तिथून येते. गोष्ट मध्येच थांबवून अंदाज विचारावा. प्रसंग करून दाखवायला सांगावे. ‘तो पुटपुटला’ आणि ‘तो खेकसला’ यांतला फरक व्याख्येने कळत नाही, एकदा खेकसून कळतो.

भिवंडीत यात एक भर घालता येते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासूनच्या मुक्त संग्रहात कित्येक गोष्टी मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा अनेक भाषांत मोफत मिळतात, चित्रे तीच. तेलुगू मुलाने गोष्ट आधी घरच्या भाषेत ऐकली आणि मग मराठीत वाचली, तर विषय आधीच माहीत असल्याचा फायदा त्याला आपोआप मिळतो. बारा तासांच्या पाळीवरून आलेल्या, मराठी न वाचणाऱ्या पालकालाही चित्रे दाखवून ती गोष्ट आपल्या भाषेत सांगता येते. मराठी धड्यावरची चर्चा मुलांनी हिंदीत किंवा तेलुगूत केली म्हणून मराठी मागे पडत नाही. कळलेले आधी कोणत्याही भाषेत बाहेर यावे, मग ते मराठीत मांडायला शिकवावे. उलट क्रम लावला तर मूल उतरवण्याकडेच वळते.

या सगळ्यासाठी वेळ लागतो, आणि मोठा वर्ग, अशैक्षणिक कामे, संपवायचा अभ्यासक्रम यांत तो शिक्षकांकडे नसतो हे खरे आहे. म्हणून निदान एक बदल तरी उद्यापासून व्हावा, ज्याला साहित्य, निधी किंवा परवानगी लागत नाही. वही तपासताना अपेक्षेबाहेरचे उत्तर दिसले, तर फुली मारण्याआधी शिक्षकांनी आणि घरी पालकांनी मुलाला ‘हे कशावरून?’ एवढे विचारावे, आणि त्याचे उत्तर, ते ज्या भाषेत येईल त्या भाषेत, पूर्ण ऐकून घ्यावे.